ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय : एका वाचकाचा अभिप्राय

भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने, तीस दिवसांच्या आत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी, असा कायदा १९५४ साली झाला. त्यामुळे गावोगावची छोटेखानी मराठी पुस्तकेही, निदान कागदोपत्री, तिथे पोहोचायला हवीत. ठाण्यात १ जून १८९३ रोजी वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेव्हा पाठीशी असा कायदा नव्हता. होती ती केवळ चिकाटी.

संदर्भासाठी मी एका जुन्या मासिकाचा बांधीव खंड मागितला. कर्मचाऱ्याने तो दोन्ही हातांवर तोलत आणून अलगद टेबलावर ठेवला. बोट लागताच पिवळ्या पानाची कड भुरभुरली, म्हणून छायाप्रत नाकारण्यात आली. माझी थोडी गैरसोय झाली, पण निर्णय योग्यच होता. आमच्या घराजवळच्या एका वाचनालयाने जागेअभावी असेच अंक किलोच्या भावाने रद्दीत घातलेले मी पाहिले आहेत. कादंबऱ्या काय, कुठेही मिळतील. असे खंड चाळण्यासाठी मात्र ठाणेकराने इथलेच सभासद व्हावे.