यूसीचं काम चोख, फोन मात्र उचलत नाहीत

मी बाणेर रोडच्या एका संशोधन संस्थेत अकाउंट्सला आहे. सरकारी अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला म्हणजे यूसी, त्यासाठी यंदा या सीए मॅडमच्या ऑफिसात गेलो. आमच्याकडे एक प्रोजेक्ट जर्मनीबरोबर आहे, एक फ्रान्सबरोबर. आधीचे ऑडिटर सोसायट्या-दुकानांचे हिशेब बघणारे. जर्मनीचं नाव काढलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘परदेशी पैसा आला, एफसीआरए आहे का?’ म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी. अहो, तिकडून पैसा येतोय कुठे! डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, बहुतेक द्विपक्षीय योजनांत आपला खर्च आपलं सरकार करतं, तिकडचा तिकडचं. आपले प्रोजेक्टवाले सर तिकडे गेले तर विमान, व्हिसा, विमा आपल्याकडून आणि राहणं-जेवण यजमानांकडून. त्यांची माणसं पुण्यात आली की उलट. फ्रान्सचं गणित वेगळं. तिथे १९८७ पासून दिल्लीत सेफिप्रा ही संस्था आहे, संशोधनासाठी दोन्ही सरकारांनी मिळून चालवलेली, आणि हिशेब तिला द्यायचा.

या ऑफिसात हे सगळं समजावून सांगावं लागलं नाही. मॅडमनी आधी सँक्शन लेटर, म्हणजे अनुदान मंजुरीचं पत्र, मागितलं, मगच व्हाउचरची फाइल उघडली. पेन्सिलने खर्चाच्या एकेका हेडसमोर टिक करत गेल्या. अनुदानावर बँकेत पडलेलं व्याज आधीच्या हिशेबात आमचं उत्पन्न म्हणून धरलेलं होतं, त्यावरूनच पुढचा हप्ता अडला होता. त्यांनी ते बाजूला काढलं आणि भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारजमा करायला लावलं, चलन जोडूनच जीएफआर १२-ए, म्हणजे यूसीचा ठरलेला फॉर्म, तयार केला.

मग तिकिटावर आल्या. सरांनी पॅरिसचं तिकीट अ‍ॅपवर स्वस्त मिळतंय म्हणून परस्पर काढलेलं. सरकारी पैशाचं विमानाचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी, या सरकारने ठरवलेल्या तिघांकडूनच काढायचं असतं, हे २०२२ पासून सगळ्यांना माहीत आहे, सर सोडून. मॅडम म्हणाल्या, ‘मंजुरी आणा, तोवर ही रक्कम मी यूसीत घेत नाही.’ सर जरा घुश्श्यात होते, पण बाई ढिम्म हलल्या नाहीत. अशाच माणसाची सही हवी. बोर्डिंग पास तर निम्मे कोरे झाले होते, तो थर्मल कागद उडतोच. ‘प्रवासाहून आल्या आल्या झेरॉक्स काढून ठेवत जा,’ एवढंच म्हणाल्या, लेक्चर दिलं नाही. सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे सीएच्या सहीची खातरजमा करायचा नंबर, न मागता टाकलेला होता.

आता तक्रार. फोन कोणी उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिका दिसतात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएचं शिकणारी, मुलं हुशार आहेत पण दर वेळी नवीन, त्यामुळे तीच फाइल पुन्हा उलगडा. ऑफिस नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा तर विचारूच नका. रिक्षाने जा. फी आधीच्यांपेक्षा बरीच जास्त, वर जीएसटी. आम्ही ती ओव्हरहेडमधून, म्हणजे संस्थेच्या वरखर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून, भागवली.

चार तारे देते. यूसीचं काम एप्रिलमध्येच नेऊन टाका, जूननंतर इन्कम टॅक्सवाल्यांची रांग लागते आणि मग मॅडम भेटत नाहीत, मुलंच भेटतात.