चिलीचं 1973 समजून घ्यायचंय? मग नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह वापरा, पाचपैकी पाच

11 सप्टेंबर 1973 ला चिलीच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदेचं सरकार उलथवलं, त्या बंडाबद्दल एक तर "सगळं सीआयएनेच (अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनेच) केलं" नाहीतर "छे, त्यांच्याच लष्कराचं काम होतं" असं ऐकत आलोय, आणि दोन्हीकडची मंडळी कागद न बघताच बोलतात, म्हणून म्हटलं मूळ कागदच वाचू. नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह हे नाव सरकारी वाटतं पण ही संस्था सरकारी नाहीये, जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आहे, 1985 पासूनची, माहितीच्या कायद्याखाली अर्ज करकरून आणि वेळ पडली तर कोर्टात जाऊन अमेरिकन सरकारकडून कागद सोडवून घेतात. चिलीचे निवडक कागद वेबसाइटवर फुकट बघता येतात.

सगळ्यात आधी सीआयएचा तेव्हाचा प्रमुख रिचर्ड हेल्म्सची नोट उघडा. 15 सप्टेंबर 1970. डाव्या विचारांचा आयेंदे 4 तारखेला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिला आलाय पण निम्म्याहून जास्त मतं नाहीत, त्यामुळे शिक्कामोर्तब तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, करायचंय. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन बोलतोय आणि हेल्म्स हाताने लिहून घेतोय: दहात एक चान्स असेल, पण चिली वाचवा, दूतावासाला यात घेऊ नका, 1 कोटी डॉलर आहेत, लागले तर आणखी, अर्थव्यवस्था किंचाळली पाहिजे, 48 तासांत प्लॅन. हे सगळं घाईघाईच्या अक्षरात, एका पानावर. मी हे आधी पण कुठेकुठे वाचलं होतं पण ते पान बघितल्यावर खरंच सुन्न झालो.

मग सीआयए मुख्यालयाची 16 ऑक्टोबरची केबल, म्हणजे तार, बघा, आयेंदेला बंड करून पाडायचं हे पक्कं धोरण आहे आणि अमेरिकेचा हात दिसता कामा नये, असं स्पष्ट लिहिलंय. सहा दिवसांनी चिलीचे लष्करप्रमुख रेने श्नायडर यांची गाडी अडवून त्यांना गोळ्या घातल्या, 25 ला ते गेले. सैन्याने राज्यघटनेच्या बाहेर जायचं नाही यावर ते ठाम होते, म्हणून त्यांना पळवून न्यायचा डाव होता. इथे मात्र सावकाश वाचा, कारण सीआयएने मशीनगन दिल्या एका गटाला आणि मारलं दुसऱ्याच गटाने, पण त्या दुसऱ्या गटाशीही सीआयएचा संपर्क होताच आणि नंतर त्यांना 35,000 डॉलर पण पोचवले. हे सगळं एका वाक्यात कोंबलं की कुणीतरी सुटतं किंवा कुणावर तरी नको तेवढं जातं.

पुढची तीन वर्षं बहुतेक पैशाचीच आहेत. अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीचा 1975 चा अहवाल सोबत ठेवा, त्यात निवडणुकीपासून बंडापर्यंत गुप्त कारवायांवर 80 लाख डॉलर गेल्याचं आहे, त्यातले 15 लाखांच्या वर एकट्या एल मर्कुरियो या पेपरला. खुद्द 11 सप्टेंबरच्या बंडात थेट हात असल्याचा पुरावा मिळाला नाही असंही तोच अहवाल म्हणतो, ते गाळून पुढे जाऊ नका. पण मग 16 सप्टेंबर 1973 चा फोन वाचा, निक्सनला त्याचा सुरक्षा सल्लागार किसिंजर सांगतोय की आपण केलं नाही, म्हणजे त्यांना मदत केली, होईल तेवढी परिस्थिती तयार केली. माझ्या मते या सगळ्या ढिगातलं सगळ्यात खरं वाक्य हेच आहे.

काही स्कॅन पुसट आहेत, जुने टाइप केलेले कागद आहेत ते, आणि कितीतरी ठिकाणी सरकारने मजकूर काळा केलाय. तारखेच्या क्रमानेच वाचा, आणि अमेरिकन राष्ट्राध्यक्षाला रोज सकाळी मिळणारी 11 सप्टेंबर 1973 ची ब्रीफ शेवटी ठेवा. तिचा चिलीवरचा भाग खुला व्हायला 2023 उजाडलं, पन्नास वर्षं, आणि त्यात लिहिलंय की सैन्याकडे अजून नीट जुळवलेला प्लॅन नसावा. त्याच दिवशी चिलीच्या हवाई दलाची विमानं ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकत होती.