जीपीएस घड्याळ, ८ महिन्यांचा अनुभव: कळसूबाई ६७ मीटरने कमी का भरली (रिव्ह्यू बदललाय)

आधी एक स्टार दिला होता, आता तीन करतोय. मोठं आहे पण उंचीसाठी घेणार असाल तर पूर्ण वाचा.

ट्रेकसाठीच घेतलं. बॅरोमीटरवालं, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणारं मॉडेल सहा हजारांनी महाग होतं, म्हटलं उंची काय जीपीएसवरून पण कळतेच, कशाला उगाच पैसे घालवा. बॅटरी, पट्टा, स्क्रीन सगळं छान, त्यावर लिहीत नाही.

पहिल्याच महिन्यात कळसूबाई. बारीतून निघालो, शिड्या चढून देवळापाशी पोचलो आणि घड्याळात बघतो तर १५७९. अहो १६४६ मीटर आहे ती, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, शाळेतल्या पोरांना पाठ असतं! दहा मिनिटं मोकळ्यावर थांबलो, आकडा १५७६ ते १५८३ एवढाच हलला. म्हणजे सिग्नल व्यवस्थित, तरी ६७ मीटर गायब.

सर्व्हिसवाले आधी म्हणाले रीसेट करा, मग म्हणाले पाठवा. कुरियरचे ३४० रुपये मी भरले. बावीस दिवसांनी परत आलं, सोबत चिठ्ठी, ‘दोष आढळला नाही’. फोन केला तर सांगतात डोंगरात ढग असतात त्यामुळे होतं. ढगांनी काही होत नाही हो, तो सिग्नल ढगातून आरपार येतो, जुलैत भर पावसात माझा ट्रॅक पायवाटेवर बरोबर बसलाय. त्या दिवशी संतापून एक स्टार दिला.

मग जानेवारीत गुहागरला गेलो. ओहोटी होती, लाटेचं पाणी पायाला लागत होतं आणि सहज मनगटाकडे बघितलं तर उंची उणे ६४. तिथेच थबकलो. तिकडे ६७ कमी, इकडे ६४ कमी, घड्याळ खराब असतं तर दोन्हीकडे इतकं सारखं चुकलं नसतं. रात्री लॉजवर वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला.

जीपीएस समुद्रसपाटीपासून मोजतच नाही. पृथ्वीचा एक गणिती गुळगुळीत आकार ठरवलाय, ध्रुवांकडे जरा चपटा, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात, उंची निघते ती त्याच्यापासून. खरी समुद्रपातळी त्या आकारावर तंतोतंत बसत नाही, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती शंभर मीटरहून जास्त खाली आहे, समुद्रपातळीतला जगातला सगळ्यात खोल खड्डा तिथेच, आणि आपण त्याच्या शेजारी असल्यामुळे आपल्याकडेही साठ-पासष्ट मीटर खाली. चांगल्या रिसीव्हरमध्ये या फरकाचा तक्ता भरलेला असतो, तो आकडा दुरुस्त करून मगच दाखवतात. या घड्याळात तो तक्ता नाही. एवढंच! मॅन्युअलमध्ये एक ओळ लिहिली असती तर माझे बावीस दिवस वाचले असते, याचा राग अजून आहे.

बाकी जे काय मीटर-दोन मीटर हलतं ते चालायचंच. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखालचे पृथ्वीने झाकलेले, त्यामुळे उंचीतली चूक जागेतल्या चुकीपेक्षा जास्तच असते.

सांदण दरीत मात्र ट्रॅक कड्याच्या आतून गेलेला दिसतो. निदान चार उपग्रह दिसावे लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा वेळेसाठी, कारण त्यांच्यात अणुघड्याळ आणि आपल्या मनगटावर साधं क्वार्ट्झ, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर. दरीत आकाशाची एक पट्टी दिसते, आणि जो सिग्नल येतो तो भिंतीवर आपटून लांबून येतो. एल१ सोबत एल५ (जीपीएस सिग्नलच्या दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी) पकडणारी घड्याळं तिथे बरी पडतात, याच्यात फक्त एल१ आहे. ही याची चूक मी धरत नाही, या किमतीत तेवढंच मिळणार.

सध्या घड्याळाच्या मागे मेडिकलची पांढरी टेप चिकटवून त्यावर पेनाने ‘+६५’ लिहिलंय. गेल्या महिन्यात परत कळसूबाईला गेलो, १५८२ आलं, ६५ मिळवले तर १६४७. देवळासमोर उभं राहून इतका आनंद झाला की सोबतच्या सगळ्यांना टेप दाखवत सुटलो. कंपनीला मेल केलाय, पुढच्या अपडेटमध्ये तक्ता टाका आणि माझे ३४० परत करा. अजून उत्तर नाही, पैसे आले तर चौथा स्टार देईन.