कानाचे कप बंद, काच प्लॅस्टिकची! पाण्याखालच्या हॉकीचं सामान मागवताना झालेली फसवणूक

मालवणात पाण्याखालची हॉकी खेळणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सामान इथल्या दुकानांत मिळत नाही, मागवावंच लागतं. व्हॉट्सॲपवरच्या त्या विक्रेत्याच्या हे चांगलंच पथ्यावर पडलं. फोटो झकास होते: कान झाकणाऱ्या टोप्या, दोन काचांचे मास्क, वर 'इंटरनॅशनल क्वालिटी'ची हमी. सहा जणांच्या सेटचे साडेनऊ हजार त्याने आगाऊ घेतले. पार्सलमधून निघालं ते भलतंच.

टोप्यांत दोन लाल! लाल टोपी पंचांची असते, खेळाडूंच्या पांढऱ्या नाहीतर काळ्या-निळ्या. पण रंगाचं सोडा. या खेळाची टोपी वॉटर पोलोच्या टोपीसारखी असते, हनुवटीखाली नाडीने बांधायची आणि दोन्ही कानांवर कडक प्लॅस्टिकचे कप. पक म्हणजे काठीने तळावरून ढकलायची चकती; ती शिशाची, वजन सव्वा किलोच्या वर. ती किंवा कोणाच्या पायातला पोहण्याचा फिन कानावर बसला, तर कानातलं पाणी जोरात आत दाबलं जाऊन पडदा फाटू शकतो. म्हणून कप हवा, आणि पाण्याला वाट मिळावी म्हणून त्याला भोकंही हवीत. आमचे कप ठार बंद, बोटाने दाबले तरी आत जाणारे, आणि शिवलेले पार गालाकडे सरकून. नाडी कितीही आवळली तरी कानावर येईनात.

मास्कच्या काचेवर 'टेम्पर्ड' लिहिलेलं होतं. तारकर्लीला पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेणाऱ्या शेजारच्या काकांनी मास्क हातात घेतला, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "ही काच न्हय रे, प्लॅस्टिक आसा." मग अक्षरांच्या कडेला नख घातलं, तर अख्खं स्टिकर निघून आलं. टेम्पर्ड काच फुटलीच तर बारीक, बोथट तुकडे होतात. हे प्लॅस्टिक डोळ्यासमोर फुटलं असतं तर काय, हे बोलायला नको.

विक्रेत्याचं उत्तर काय, तर "सगळे हेच वापरतात." पैसे परत मागितले तसा त्याने नंबर ब्लॉक केला. बिलावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आमच्याकडे होता, तो जोडून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन 1930 वर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. आता तेच करणार.

तुम्ही मागवणार असाल तर पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर कपाची भोकं दाखवायला सांगा, आणि काचेवरचं 'टेम्पर्ड' समोर नखाने खरवडायला लावा. तेच फोटो सध्या वेंगुर्ला-देवगडच्या ग्रुपांवर दुसऱ्या नावाने फिरताहेत, किंमत पाचशेने कमी करून.