सायबर तपासाचा डिप्लोमा घेण्याआधी हे वाचा

माझी भाची सावंतवाडीत बी. कॉम. झाली. बँकांमधले घोटाळे कसे पकडतात, हा तिच्या खास आवडीचा विषय. त्यामुळे ‘आर्थिक गुन्हे तपास व माहिती सुरक्षा’ असा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आपल्याच जिल्ह्यात मिळतोय म्हटल्यावर घरात सगळ्यांना बरं वाटलं. मुंबई-पुण्याची खोली आणि खानावळ वाचणार होती. फी 72,000 रुपये. काजूचा हंगाम नुकताच आटपला होता, बियांचे आलेले पैसे भावोजींनी त्यात घातले.

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांत आहे. पण त्यांची पद्धत सविस्तर लिहितो.

ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटींत कागद लावले होते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची असते ती), आयएसओ 9001, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, कंपनी कायद्याच्या कलम 8 खालचं, म्हणजे ना-नफा कंपनीचं, प्रमाणपत्र. भावोजी म्हणाले, “सरकारचो कागद आसा, मगे आणखी काय होया?” नंतर आम्ही तपासलं, तर प्रत्येक कागद खरा निघाला! मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. खोटा कागद लावला असता तर कधीतरी कोणीतरी पकडला असता. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच भरून दिलेल्या माहितीवर मिळते. आयएसओचं प्रमाणपत्र खासगी एजन्सी देतात आणि ते कामकाजाच्या पद्धतीचं असतं, तिथे काय शिकवतात याच्याशी त्याचा संबंध नाही. दर्पणवर स्वयंसेवी संस्था आपली नोंद स्वतः करतात. यातला एकही कागद विद्यापीठाच्या नावाने प्रमाणपत्र वाटायची मुभा देत नाही.

विद्यापीठ म्हणून सांगितलं ते परराज्यातलं एक खासगी विद्यापीठ, तेही खरंखुरं. “आम्ही त्यांचं अधिकृत अभ्यासकेंद्र,” असं संचालक ठासून सांगायचे. आता कळतं की हे वाक्यच तपासण्यासारखं होतं. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ राज्याच्या हद्दीबाहेर असा पसारा मांडू शकत नाही, हे प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच स्पष्ट केलं आहे. दूरस्थ शिक्षण म्हणावं, तर ते फ्रँचायझी देऊन चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांत बंदी आहे. शिवाय फी यूपीआयने भरताना मोबाइलवर संस्थेचं नाव येतच नव्हतं, एका व्यक्तीचं येत होतं. विचारल्यावर “खातं बदलायचं काम चालू आहे” असं उत्तर मिळालं.

वर्ग कसेबसे चालले. जाहिरातीत ‘सरकारमान्य सायबर तपास अधिकारी’ असं ओळखपत्र देऊ म्हटलं होतं आणि ते दिलंही, गळ्यात घालायच्या पट्टीसकट. पोरं ते घालून गावात फिरली. असं ओळखपत्र कायद्यात कुठेच बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, कलम 78 तसं सांगतं. हे कार्ड दाखवून एखाद्या मुलाने कोणाची चौकशी करायला घेतली असती, तर गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला असता.

पणजीच्या एका कंपनीत भाचीची मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, जप्त केलेल्या हार्ड डिस्कची प्रत घेताना मूळ डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ नये म्हणून काय वापरतात? प्रत आणि मूळ डिस्क एकच आहेत हे कोर्टात कसं दाखवाल? पहिल्याचं उत्तर राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्क फक्त वाचू देणारं, लिहू न देणारं साधन. दुसऱ्याचं हॅश व्हॅल्यू, म्हणजे डिस्कवरच्या मजकुरावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा. ही या विषयाची बाराखडी. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू लिहावीच लागते. वर्षभरात तिच्या कानावर हे शब्द एकदाही पडले नव्हते. तरी कंपनीने कागद पडताळणीला पाठवले. विद्यापीठाचं उत्तर आलं: हा नोंदणी क्रमांक आमचा नाही, असं केंद्रही आमचं नाही.

खरं शिक्षण आपल्यापासून फार लांब नाही, याचं जास्त वाईट वाटतं. 2020 च्या संसदेच्या कायद्याने झालेल्या नॅशनल फोरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा एक परिसर गोव्यात फोंड्याला आहे, सावंतवाडीहून दोनेक तासांवर. मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. प्रवेश घ्यायच्या आधी विद्यापीठाच्या कुलसचिवांना थेट ईमेल करा, केंद्राचं नाव आणि पत्ता देऊन “हे तुमचं आहे का” एवढंच विचारा. ईमेलचा पत्ता संस्थेच्या माहितीपत्रकातला घेऊ नका, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतून विद्यापीठाचं संकेतस्थळ काढा आणि तिथला घ्या. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो, पण आमच्यासारख्या प्रकारात ती उपयोगी पडत नाही, कारण विद्यापीठ खरं असतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीची, आम्ही तक्रार दिली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, रक्कम समोरच्याच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येते. आमच्या बाबतीत वर्ष उलटलं होतं. त्या बॅचमधली बरीच मुलं वेंगुर्ला, कुडाळ आणि मालवणची होती, काहींचे पालक लाजेने गप्प आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, पावत्या, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, आपल्या जवळच्या ठाण्यात स्वतःची वेगळी तक्रार द्या. एकट्या आमच्या तक्रारीला पोलीस ‘फीचा वाद’ म्हणतायत.