सेन्सर काढायला गाडी दिली, कॅटच साफ केली भावानं

नागपूरवाल्यांनो, चेक इंजिनचा लाइट लागला म्हणून गाडी गॅरेजात सोडून ऑफिसला जात असाल तर थांबा जरा. माझी २०१७ ची पेट्रोल, बीएस-४. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. रिंग रोडवरचा मेकॅनिक खाली वाकला, पाना लावल्यासारखं केलं आणि म्हणे, "भाऊ, पूर्ण जाम आहे, आटे जातील, कॅटसकट पाइप खाली घ्यावा लागते." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करायचा डबा. सेन्सर ३,८५०, मजुरी २,५००, वरून "डबा चोक होता, साफ केला" त्याचे १,८००. झाले ८,१५०.

आता डोकं फिरते ते याच्यावर. जुना सेन्सर मागितला तर त्यानं लगेच हातात दिला, आणि आटे चकचकीत! ज्याच्यासाठी अख्खा पाइप उतरवला त्याच्यावर ना गंज ना पान्याचा ओरखडा, आणि मी तो हातात धरून उभा होतो राजेहो. पण मे महिन्याची दुपार, ऑफिसचे फोनवर फोन, आणि मी अकाउंट्सवाला माणूस, मले काय माहीत जाम सेन्सर कसा दिसते. आवाज भसाडा वाटला तर म्हणे डबा मोकळा झाला, पिकअप बघा आता.

लाइट परत लागला. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.४ टक्के, लिमिट ०.३. दुसऱ्या मेकॅनिकनं डब्यावर टकटक केलं तर रिकाम्या पिंपासारखा वाजला, खालून वेल्डिंगची ताजी रेघ, वर काळा रंग फासलेला. आतल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असते, ती गेली विकायला. नवीन कन्व्हर्टर २८,५००!

ठाण्यात म्हणतात, गाडी तुम्हीच दिली ना, मग चोरी कशी? बिल विचारलं, माझ्याकडे वहीच्या पानावरची चिठ्ठी. एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून दिली, जा. आरटीओत म्हणे गॅरेज आमच्यात येत नाही. पण हीच गाडी रस्त्यात धरली तर १० हजारांपर्यंत दंड माझ्याच नावावर, तेव्हा बरोबर सगळं यांच्यात येते! ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकली, तक्रार नंबर मिळाला, पुढं काहीच नाही. आणि पीयूसीवाला हळूच म्हणे ५०० जास्तीचे द्या, गाडी आणायची पण गरज नाही. घ्या.

जाम सेन्सर बहुतेक वेळा जागेवरच निघतो, इंजिन गरम करून, रस्ट स्प्रे मारून, २२ नंबरच्या खाचवाल्या सॉकेटनं. आटे गेलेच तर टॅप मारता येते, त्याच्यासाठी कॅट उतरवू देऊ नका. उतरवलीच तर समोर उभे राहा, ऑफिस गेलं खड्ड्यात. पक्कं बिल घ्या. आणि गाडी द्यायच्या आधी खालून डब्याचा फोटो काढाच, कारण मी भांडायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, डबा आधीच रिकामा होता, नव्हता तर प्रूफ दाखवा."