‘हरणांनी खाल्लं असेल’ म्हणणाऱ्या बियाणेवाल्यापासून सावध

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये ज्यांनी हौसेनं चार-दोन एकर घेतलेत, त्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. आयोवात माझी थोडी जमीन आहे. शेजारचा शेतकरी त्यात मका-सोयाबीन करतो. कापणी उरकली की रानाच्या कडेला हरणांसाठी चारा पेरायची इथं रीत आहे. फूड प्लॉट म्हणतात त्याला. थंडीत व्हाईटटेल हरणं त्यावर येतात. कुणी शिकार करतं, कुणी माझ्यासारखं नुसतं बघतं.

या धंद्यात फसवणं फार सोपं आहे. पीक जनावरांनी संपवावं म्हणूनच पेरायचं. बी उगवलं नाही तरी रान मोकळं, हरणांनी फस्त केलं तरी मोकळंच. विकणाऱ्याचं उत्तर तयार असतं.

माझा विक्रेता शिकारीच्या सामानाच्या एका प्रदर्शनात भेटला. पिशवीवर बर्फातून सलगम उकरणाऱ्या शिंगाळ नराचा फोटो, वर ठळक ‘विंटर राय’, म्हणजे थंडीत पेरायचं राय नावाचं धान्य. ‘ऑक्टोबर संपेपर्यंत कधीही फेका, नांगरायची गरज नाही,’ म्हणाला. गोडबोल्या माणूस. साध्या रायच्या चौपट भाव, आणि कार्ड नको, पैसे थेट खात्यात टाका. रानात यंदा कोणतं तणनाशक मारलं होतं, हे मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही. मक्यात अ‍ॅट्राझिन मारलेलं असेल तर त्याचा अंश मातीत राहतो. सलगम-मुळ्यासारखी मोहरीवर्गाची पिकं आणि ओट त्यात जळतात. जाणता विक्रेता हे आधी विचारतो.

पिशव्या घरी आल्यावर शिवलेला टॅग वाचला. इथं १९३९ पासून फेडरल सीड अ‍ॅक्ट आहे. पिशवीत काय, किती टक्के, उगवण किती, चाचणी कधी झाली, तणाचं बी किती, हे सगळं टॅगवर छापावं लागतं. खोटं बहुतेक पुढच्या फोटोत असतं, खरं मागच्या बारीक अक्षरांत. विंटर राय पिशवीत नव्हतंच. होतं अ‍ॅन्युअल रायग्रास. विंटर राय हे गव्हासारखं धान्य, गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंड मातीतही रुजतं. रायग्रास हे स्वस्त गवत, पुढं शेजाऱ्याच्या पिकात तण होऊन बसतं. वजनाचा तिसरा हिस्सा ‘इनर्ट मॅटर’, म्हणजे बियांवरचा लेप आणि कचरा. उरलेलं सलगम-मुळा, ज्यांना दोनेक महिने ऊब लागते. इथं ते जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पेरतात. मका निघाल्यावर पेरलं तर दोन पानं येतात आणि कडाका पडतो. चाचणीच्या तारखेवर तर चक्क स्टिकर!

फोन केला. परत घेणार नाही, आधी पेरून बघा, म्हणाला. मग पुराव्यापुरता एक वाफा पेरला आणि त्यात मधोमध तारेच्या जाळीचा पिंजरा ठोकला. इथले अनुभवी लोक हे नेहमी करतात, हरणांनी किती खाल्लं ते आत-बाहेर ताडून कळतं. महिन्याभरानं पुन्हा फोन केला, तर ठरलेलं वाक्य आलं, ‘हरणांनी खाल्लं असेल.’ पिंजऱ्यातही चार काड्याच होत्या, हे सांगितल्यावर त्यानं फोन ठेवला. नंतर नंबरच बंद.

२०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलं नव्हतं, ते आठवत असेल. तिथं निदान गावभर बोंब झाली. इथं हरणांच्या चाऱ्यासाठी कोण रडणार?

अनोळखी मिश्रणाचा धोका पैशांपुरता नाही. २०१६ मध्ये आयोवात जमीन-संवर्धनासाठी राखलेल्या रानांत पेरलेल्या मिश्र बियाण्यांतून पामर अ‍ॅमरँथ अनेक काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, शिरलं. आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातलंच हे तण, पण एकेका झाडाला लाखांनी बी, आणि ग्लायफोसेट या तणनाशकालाही न जुमानणारं.

म्हणून घेण्याआधी टॅगचा फोटो मागवा. दिला नाही तर सोडून द्या. पैसे क्रेडिट कार्डानंच भरा, म्हणजे बँकेकडे हरकत घेता येते. मूठभर बी आणि टॅग जपून ठेवा. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत थोड्या फीवर उगवण तपासून मिळते. तेवढं नको असेल तर शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याभरात कळतं. प्रयोगशाळेचा अहवाल आणि टॅग जोडून मी राज्याच्या कृषी विभागाकडे तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. कापणीनंतर पेरायचंच असेल तर गावातल्या को-ऑपमधलं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानातलं, साधं विंटर राय घ्या. त्या पिशवीवर हरणाचा फोटो नसतो.